रिलीजचा पेढा

नाना पेढा हातात घेत, पण खात नसत. सत्यनारायण असो, कुणाचं बारसं असो, कुणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळालेला असो, समोर बॉक्स आला की नाना दोन बोटांत एक पेढा उचलत, एक्स-रे बघावा तसा उजेडाकडे धरून बघत आणि शेजारच्याच्या हातावर ठेवत. "तू खा. माझा एक बाहेर आहे. तो आला की बघू." नव्या माणसाला वाटे, यांना मधुमेह असणार. जुनी माणसं खाली बघत. काही जण खाली बघून हसत.

इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये सणावाराला शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन जी मराठी मंडळी जमत, त्यांच्यात नानांचं नाव 'रिलीज नाना' पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे. मी पाठीमागेही कधी म्हटलं नाही, कारण मी त्यांच्या घरात राहत होतो. माझे वडील गंगाखेडला सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. संख्याशास्त्राचं एमएससी करायला इथं आलो तेव्हा आमच्या कॉलेजातल्या एका सरांच्या ओळखीवर नानांनी मला त्यांची बॉक्स रूम दिली. पलंग लावला की दार अर्धंच उघडायचं. पण थंडीत काकू न सांगता दुसरी रजई आणून टाकत आणि नाना रोज संध्याकाळी दारात उभे राहून विचारत, "काय मास्टर, जेवलास का?" मास्टर्स करतोस म्हणून मास्टर. एवढी मोठी पदवी मला पुन्हा कुणी दिली नाही.

नाना मूळचे साताऱ्याकडचे. इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम त्यांनी उभी हयात केलं. त्यांच्या इंग्रजीबद्दल ते स्वतःच म्हणत, "माझं इंग्रजी मानेपासून घोट्यापर्यंत. ब्रीद इन, होल्ड इट, टर्न टू द लेफ्ट, थँक यू. त्याच्याबाहेरचं शिकायचं राहून गेलं." राहून गेलेल्या त्या भागातल्याच एका शब्दानं त्यांचा घात केला. ती गोष्ट मला आधी काकूंनी सांगितली, मग नानांनी आणि फार उशिरा त्यांच्या मुलानं, निनादनं. तिघांच्या सांगण्यात फरक आहे तो फक्त रागाचा.

निनाद नऊ वर्षांचा असताना एका फुटबॉल क्लबच्या माणसानं त्याला शाळेच्या मैदानावर खेळताना पाहिलं आणि क्लबच्या अकॅडमीत घेतलं. क्लब आमच्या शहरातला नव्हे, तासाभराच्या अंतरावरचा. नाव मुद्दामच लिहीत नाही. पहिल्या दिवशी तिथल्या मुख्य कोचनं, डॅरननं, नानांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ही हॅज एव्हरी चान्स." नानांनी ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपलं. पुढची सात वर्षं त्यांनी ड्यूट्या बदलून घेतल्या, आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलाला गाडीतून नेलं, पावसात मैदानाकडेला डबा उघडून बसले. काकूंचा भाऊ साताऱ्याहून आला होता तेव्हा त्यानं आणलेला कंदी पेढ्यांचा एक बॉक्स काकूंनी फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवून दिला. निनाद वरच्या टीमला गेला की फोडायचा, असं ठरलं होतं.

निनाद सोळा वर्षांचा झाला त्या वसंतात नानांना हॉस्पिटलात फोन आला. शेजारी यंत्राचा आवाज, बाहेर पेशंटची रांग. फोनवर डॅरन. "वुई आर रिलीजिंग हिम. लव्हली लॅड. वुई विश हिम ऑल द बेस्ट." नानांना जे शब्द ऐकू आले ते असे: रिलीज, लव्हली, बेस्ट. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे रिलीज काय होतं? सिनेमा. पोस्टर लागतं, लोक रांगा लावतात. पोरगं इतकी वर्षं आत तयार होत होतं, आज रिलीज झालं! नानांनी एप्रन काढला, घरी येऊन फ्रीझर उघडला आणि बॉक्स घेऊन थेट मैदानावर गेले. डॅरन गाडीत बसायच्या बेतात होता. "थँक यू सर, फॉर रिलीजिंग माय बॉय," असं म्हणून नानांनी बॉक्स पुढे केला. डॅरननं त्यांच्याकडे बघितलं, पेढ्याकडे बघितलं, एक उचलला आणि तोंडात टाकला. "लव्हली, दॅट," म्हणाला आणि गाडी चालू करून निघून गेला.

निनाद तेव्हा शाळेच्या सहलीला वेल्समध्ये होता. त्याला मैदानावर आधीच सांगितलेलं होतं, पण घरी कसं सांगावं ते कळेना. क्लब फोन करील, मग आपोआप कळेल, असं त्या पोरानं धरलं होतं. सहलीची बस परत आली त्या दिवशी हॉलमध्ये पाडव्याचा कार्यक्रम होता. तो पाठीवर सॅक घेऊन सरळ तिथंच आला. नाना माईक हातात घेऊन उभे होते. पेढे वाटून झाले होते, बॉक्समध्ये नुसता कागद उरला होता आणि सगळा हॉल त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होता. तो नानांजवळ गेला.

"बाबा, त्याने सांगितला नाही तुला?"

"सांगितलं की! रिलीज!"

"बाबा, रिलीज्ड म्हणजे... मला काढला."

माईक चालूच होता. हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ते गेलं. मग पहिल्या रांगेत बसलेले, मंडळाचे सेक्रेटरी असलेले डॉक्टर हसले. वाईट मनानं नसतील हसले, पण हसले, आणि त्यांच्या मागे दुसरे हसले. 'रिलीज नाना' हे नाव त्या रात्रीच्या जेवणाच्या पंगतीत तयार झालं.

नानांना डॉक्टरांचा राग होता, पण तो किरकोळ. खरा राग एकाच गोष्टीचा. "मुलाला काढलं, त्याचं काही नाही. खेळ आहे, काढतात. पण त्यानं पेढा खाल्ला. साताऱ्याचा पेढा. आपण काय केलंय हे माहीत असताना खाल्ला आणि तोंड पुसून गेला. एक वाक्य बोलला असता तर मी माईक हातात घेतला असता का?" डॅरनचं नाव त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. त्याला ते पेढेखाऊ म्हणत. त्या पेढेखाऊला एकदा तरी आपण काय केलं ते आठवावं, आपल्या समोर आठवावं, एवढंच त्यांना हवं होतं. तोच त्यांचा बाहेर असलेला पेढा.

मी राहायला आलो तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं झाली होती, आणि सूडाची घरात चांगली शिस्त बसली होती. शनिवारी संध्याकाळी नाना त्या क्लबचा स्कोअर बघत. क्लब हरला की स्वतः उठून शिरा करत, साजूक तुपातला, बेदाणे घालून. माझ्या अर्धवेळ कामावरून येताना गल्लीत वास आला की मला कळे. काकू दार उघडतानाच म्हणत, "हरले बरं का. हात धुऊन ये." जिंकले तर पिठलं. माझ्या पहिल्या वर्षी क्लब इतका हरला की मी गंगाखेडहून आणलेल्या पँटी मला होईनात.

निनाद शिऱ्याला हात लावत नसे. तो इलेक्ट्रिशियनचं काम शिकत होता, संध्याकाळी थकून येई आणि ताट घेऊन वर जाई. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, बाबांबरोबर बसत जा ना खाली." तो म्हणाला, "दादा, रिलीज कोण झाला? मी झाला. आणि राग कोणाला आली? बाबाला. मला कुणी विचारतच नाही." मला त्याचं व्याकरण सुधारायचंही सुचलं नाही.

नानांची एक शिकवण मला आजही उपयोगी पडते. ते म्हणत, "मास्टर, इथल्या गोड शब्दाचा आधी एक्स-रे काढायचा." मला नोकरीच्या अर्जांना गोड गोड उत्तरं येत. मी आनंदानं वाचून दाखवी, "नाना, ते म्हणतात माझा अर्ज ते जपून ठेवणार आहेत." नाना हात हवेत धरून फिल्म बघितल्यासारखं करत. "इथं फ्रॅक्चर आहे बघ. जपून ठेवणार म्हणजे केरात." कुणी 'इंटरेस्टिंग' म्हटलं की, "सूज आहे, हाड जाग्यावर नाही." मी छोट्या गावातून आलेलो, मास्तरांनी शाबास म्हटलं की शाबास, एवढंच मला ठाऊक. नाना नसते तर मीही कुठल्यातरी हॉलमध्ये माईक हातात घेऊन उभा राहिलो असतो.

मग एक दिवस नाना कामावरून आले ते कोट न काढता खुर्चीत बसले. "पेशंटचं नाव सांगायचं नसतं," ते म्हणाले, "म्हणून सांगत नाही. पण आज पेढेखाऊ माझ्या टेबलासमोर होता. छातीचा एक्स-रे. पत्ता इकडचाच."

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली. "अहो, मग?"

"मग काय. ब्रीद इन, होल्ड इट. आणि ब्रीद आउट म्हणायला जरा उशीर केला."

"किती उशीर?"

"तांबडा झाला एवढा."

काकूंना हसू आवरेना. नाना हसले नाहीत. "फोटो एकदम स्वच्छ काढला. कामात खोट नाही. पण बाई, मी तीनदा त्याच्यासमोरून गेलो. माझं नाव छातीवर लावलेलं. त्यानं ओळखलं नाही. चिअर्स मेट म्हणाला."

"अहो, तो किती पोरांच्या बापांना लक्षात ठेवणार?" काकू समजूत घालायला म्हणाल्या.

मी वर खोलीत गेलो, तोवर नाना खुर्चीतच होते. मग जिना चढून माझ्या अर्ध्या उघडणाऱ्या दारात आले. "मास्टर, किती?"

"काय किती, नाना?"

"पोरं. किती घेतात आणि त्यातली किती वर पोचतात? हे तुझंच शास्त्र ना?"

मी ते काम फार मनापासून केलं. परतफेडीची तेवढीच संधी मला मिळाली होती. सुरुवात त्यांच्या जिन्यातल्या फोटोपासून केली. निनादच्या बरोबरची नऊ वर्षांची सगळी मुलं, एका रांगेत उभी, एका रांगेत बसलेली. निनादला विचारून, इंटरनेटवर धुंडाळून एकेकाचा माग काढला. एक व्हॅन चालवत होता, एक शेफ झाला होता, दोघं युनिव्हर्सिटीत, एक रविवारी पबच्या टीमकडून खेळत होता, एक घराबाहेर पडत नव्हता. वरच्या टीममध्ये त्यातला कुणीही नव्हता. मग इतर क्लबांच्या जुन्या फोटोंतली मुलं शोधली आणि शेवटी एक आकडा काढला. तो इथं लिहीत नाही. हे वाचणाऱ्या एखाद्या घरात आत्ता रेडिएटरवर फुटबॉलचे छोटे मोजे वाळत असतील. एवढंच सांगतो, की आकडा मांडल्यावर मला वाटलं चूक झाली, आणि मी तो पुन्हा मांडला.

मला वाटलं होतं, आकडा बघून नानांचं मन हलकं होईल. मी म्हणालो, "नाना, यात निनादचा दोष नाही. तुमचाही नाही. जवळजवळ कुणीच पोचत नाही." नानांनी कागद बराच वेळ हातात धरला.

"हे त्या पेढेखाऊला ठाऊक असेल?"

"असणारच. त्याचं कामच आहे ते."

"पहिल्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाही?"

"हो."

"म्हणजे पेढा त्यानं त्याच दिवशी खाल्ला," नाना म्हणाले. "मला उशिरा दिसला."

त्या उन्हाळ्यात अकॅडमीत नवीन मुलं बघण्याचा दिवस आला, तेव्हा नाना बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या मिठाईवाल्याकडून पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन आले. निनादला म्हणाले, "गाडी तू चालव." निनाद गाडी घेऊन आला, पण कोपऱ्यावर थांबवून आतच बसला. मी आणि नाना फाटकाबाहेरच्या फुटपाथवर उभे राहिलो. नवीन बूट घातलेली पोरं आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेले आईबाप येत होते. नाना प्रत्येकापुढे बॉक्स धरत. "टेक वन. ईट नाऊ. लेटर, नो पेढा." मग आकडा सांगायचं काम माझं आणि रिलीज शब्दाचा अर्थ सांगायचं काम त्यांचं. एक धिप्पाड बाप अंगावर आला. "यू जेलस, मेट?" नाना म्हणाले, "येस. टेक वन." एक आई शांतपणे सगळं ऐकून घेत होती. तिनं दोन पेढे घेतले, एक मुलाला दिला आणि त्याचा हात धरून आत गेली. सगळेच आत गेले. एकही परत फिरला नाही.

"नाना, आकड्यानं कुणी थांबत नाही," मी म्हणालो. मला माझ्या शास्त्राचंच वाईट वाटत होतं.

"मी तरी थांबलो असतो का? पण आपण इथं त्यांना थांबवायला उभे नाही, मास्टर."

एवढ्यात कुणीतरी तक्रार केली असावी. डॅरन स्वतः बाहेर आला. केस पांढरे झालेले, गळ्यात शिट्टी. "ऑल राइट, जेंट्स? यू कान्ट रिअली..." आणि त्याची नजर बॉक्सवर पडली. नानांनी बॉक्स पुढे केला, अगदी त्या संध्याकाळी केला असेल तसा. डॅरननं पेढ्याकडे बघितलं. मग नानांच्या चेहऱ्याकडे. त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेलेली मी डोळ्यांनी बघितली. "नो," तो म्हणाला. "नो, थँक यू." आणि वळून आत गेला, चालत गेला, पण पळाल्यासारखा.

नाना माझ्याकडे वळले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "बघितलंस? नाही खाल्ला! चेहरा आठवला नाही, पेढा आठवला. ज्याला आठवत नाही तो खातो, मास्टर. ज्याला आठवतं त्याला गिळत नाही." असं म्हणून त्यांनी डॅरनपुढे धरलेला तोच पेढा उचलला आणि स्वतः खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. मग म्हणाले, "साखर जास्त आहे. साताऱ्याची सर नाही."

आता झालं, असं मला वाटलं. घरी आल्यावर काकूही म्हणाल्या, "झालं ना समाधान? आता सोडा त्याला." नाना म्हणाले, "वा! श्राद्ध काय एकदाच करून भागतं?" आणि पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही गेले. त्या दिवशी डॅरन मागच्या फाटकानं ये-जा करू लागला. नानांना याचा फार अभिमान. "माणूस वर्षातून एक दिवस आपल्याच ऑफिसात चोरासारखा शिरतो, ते माझ्यामुळे."

मला बर्मिंगहॅमला एका बँकेत नोकरी लागली. बातमी सांगितली तेव्हा नानांनी आधी विचारलं, "सही झाली? दोघांची? शब्दांचा एक्स-रे काढलास?" सगळं झालं म्हटल्यावरच काकूंना पेढे काढायला सांगितले. स्टेशनवर त्यांनी माझी बॅग डब्यात चढवून दिली आणि फलाटावरून म्हणाले, "जेवत जा, मास्टर." गाडी हलेपर्यंत ते तिथंच उभे होते.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. हृदयाचा झटका, काही करायला वेळच मिळाला नाही. मी पहिल्या ट्रेननं लेस्टरला आलो. माझ्या वडिलांनी गंगाखेडहून फोनवर विचारलं, "तुझे ते मास्टर म्हणणारे ना?" आणि ज्यांना कधी बघितलं नाही अशा माणसासाठी ते रडले. निनाद रडला नाही. त्यानं सगळी कामं नीट केली आणि मग घरातले सगळे दिवे एकेक करून तपासत बसला.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. मी बसमध्ये होतो.

"दादा, क्लबला नवीन मालक आला. सगळ्या जुन्या कोचला काढला." मागे चालू असलेलं ड्रिल त्यानं बंद केलं. "दादा, तो रिलीज झाला."

मला वाईट वाटायला हवं होतं. साठीच्या जवळ आलेला माणूस, घरी बायको असेल, कर्ज असेल. पण वाटलं नाही. मी त्या बसमध्ये उभा राहून मोठ्यानं हसलो.

"पाडवा शनिवारी आहे," निनाद म्हणाला. "तू येतोस ना?"

तोच हॉल, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या. काकूंच्या भावानं साताऱ्याहून पेढे पाठवले होते. निनाद त्या दिवसानंतर त्या हॉलमध्ये कधी आला नव्हता. तो पुढे गेला, माईक हातात घेतला आणि त्याच्या तुटक्या मराठीत म्हणाला, "सगळ्यांना पेढा आहे. आमच्या बाबाचा जो कोच होता, तो रिलीज झाला." थोडी कुजबुज झाली. मग मागून एक म्हातारे गृहस्थ उठले, निनादजवळ आले, पेढा घेतला आणि टाळी वाजवली. मग हळूहळू सगळे उठले. निनाद बॉक्स घेऊन पहिल्या रांगेत डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला. "अंकल, तुम्हाला दोन." डॉक्टरांनी दोन घेतले. त्याच्यासमोर दोन्ही खाल्ले. घशाखाली जाईपर्यंत निनाद तिथून हलला नाही.

शेवटी बॉक्समध्ये एक पेढा उरला. मला वाटलं, हा घरी नानांच्या फोटोपुढे जाईल. निनादनं तो उचलला आणि नाना धरत तसा उजेडाकडे धरला.

"बाबाची एक बाहेर होती ना, दादा?"

"बाबांचा. होता," मी म्हणालो.

"व्हॉटएव्हर. आली," तो म्हणाला, आणि त्यानं तो खाल्ला.